कंपास व भूमितीय रचना

दोन पाय एका टोकाशी बिजागरीने जोडून, त्यांतील एका पायास सुई व दुसऱ्या पायास पेन्सिल अथवा शाईचे टोक बसविलेल्या, वर्तुळ काढण्याच्या साधनास कंपास म्हणतात. मराठीत हा शब्द पुष्कळदा सबंध पेटीसाठीही वापरतात. येथे तो केवळ या एका साधनापुरता वापरला आहे. त्याचे जुने संस्कृत नाव कर्कटक. आर्यभट यांनी आर्यभटीय (इ. स. ४९९ च्या सुमारास) या ग्रंथात वर्तुळ ‘भ्रमा’ने साधावे असे सांगितले आहे आणि पहिले भास्कराचार्य यांनी इ. स. ६२९ मध्ये त्यावर लिहिलेल्या भाष्यात भ्रम म्हणजे कर्कटक असा खुलासा केला आहे. खेकड्याच्या नांग्यांशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असावे. शालेय पेटीत मात्र दोन्ही पायांना सुया असलेल्या, अंतर उचलून नेण्याच्या साधनास कर्कटक म्हणण्याचा प्रघात आहे.

कंपासाचा मूलभूत गुण एकच आहे. सुई एका बिंदूवर स्थिर ठेवून दुसरा पाय फिरविला म्हणजे त्याने काढलेल्या वक्रावरील प्रत्येक बिंदू सुईच्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर असतो. हे अंतर किती सेंटिमीटर आहे याच्याशी कंपासाला कर्तव्य नसते. मोजपट्टी व कोनमापक ही मोजण्याची साधने आहेत. त्यांच्यावरील खुणा जितक्या बारीक तितकेच त्यांचे उत्तर सूक्ष्म असते. कंपास मोजत नाही, तर दोन अंतरे समान आहेत एवढेच तो सुनिश्चित करतो. कोणत्याही मापाचा रेषाखंड कोनमापक व मोजपट्टी न वापरता बरोबर मध्यावर दुभागता येतो तो यामुळेच. कंपास व खुणा नसलेली पट्टी एवढ्याच साधनांनी केलेल्या आकृतिरेखनास भूमितीय रचना म्हणतात. अशी रचना बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी किंवा पुन्हा मोजून ठरत नाही. ते सिद्धतेने ठरते. रचनेच्या पायऱ्या तेवढ्या पाठ करविण्याची शालेय पद्धत या दृष्टीने फार सदोष आहे, कारण तीत कंस कोठून व का काढावयाचा हे कारणच विद्यार्थ्याच्या हाती येत नाही.

साधन व त्याचा वापर : कंपास चांगला असण्याची पहिली कसोटी म्हणजे त्याची बिजागरी. ती सैल असेल, तर फिरविताना पाय किंचित फाकतात आणि वक्र जेथून सुरू झाला तेथे परत येऊन मिळत नाही. पूर्ण वर्तुळ काढून त्याचा आरंभ व शेवट जुळतो का हे पाहिले म्हणजे ही परीक्षा लगेच होते. पाय मिटले असता पेन्सिलीचे टोक सुईच्या टोकाशी जवळजवळ बरोबरीत, सुई कागदात रुतते तेवढेच वर असावे. शिसे गोल टोकाऐवजी बाहेरच्या बाजूने तिरपे घासून पटाशीच्या धारेसारखे केल्यास रेषा एकसारखी बारीक येते. कंपास माथ्याशी अंगठा व तर्जनी यांत धरून, फिरविण्याच्या दिशेकडे थोडा कलता ठेवून एका दमात फिरवावा. पाय धरून फिरविल्यास त्रिज्या बदलते. कागदाखाली पुठ्ठा किंवा वहीची जाड पाने असली म्हणजे सुई घसरत नाही. अगदी लहान वर्तुळांसाठी पायांमधील अंतर स्क्रूने बदलता येणारे कंपास वापरतात. फार मोठ्या वर्तुळांसाठी एका लांब दांड्यावर सुई व पेन्सिल यांचे सरकते धारक बसविलेले असतात.

समभुज त्रिकोण : ग्रीक गणितज्ञ यूक्लिड (इ. स. पू. सु. ३००) यांच्या मूलतत्त्वे या तेरा खंडांच्या ग्रंथातील पहिल्या खंडाचे पहिलेच विधान ही कंपासाची रचना आहे. अब हा दिलेला रेषाखंड. सुई अ वर ठेवून अब एवढ्या त्रिज्येने एक वर्तुळ व सुई ब वर ठेवून त्याच त्रिज्येने दुसरे वर्तुळ काढावे. ती ज्या दोन बिंदूंत छेदतात त्यांपैकी एकास क म्हटले, तर अक ही पहिल्या वर्तुळाची आणि बक ही दुसऱ्या वर्तुळाची त्रिज्या होय. दोन्ही अब बरोबर समान म्हणून परस्परांशीही समान. त्रिकोण अबक समभुज आहे आणि त्याचा प्रत्येक कोन ६०° आहे. येथे कोणताही कोन मोजलेला नाही हे लक्षात घेण्याजोगे आहे. साठ अंश हे अंतरांच्या समानतेतून आपोआप निष्पन्न झाले. या कोनाचे दुभाजन करून ३०° व १५° आणि काटकोनाच्या दुभाजनाने ४५° हे कोन मिळतात. त्यांच्या बेरजेने ७५°, १०५°, १३५° वगैरे काढता येतात.

यूक्लिड यांच्या कंपासाविषयी एक मौजेची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्यांनी गृहीत धरलेला कंपास कागदावरून उचलताच मिटतो, असे मानावे लागते. एक बिंदू केंद्र व दुसऱ्या दिलेल्या बिंदूतून जाणारे वर्तुळ एवढेच त्याने काढता येते. पाय तसेच उघडे ठेवून तेच अंतर दुसरीकडे नेण्याची मुभा गृहीतकांत नाही. ती मुभा त्यांनी मागितली नाही, तर दुसऱ्या विधानात सिद्ध केली. बक हे अंतर अ या बिंदूपाशी न्यावयाचे आहे असे समजू. अब वर समभुज त्रिकोण अबड काढावा. ब केंद्र धरून क मधून जाणारे वर्तुळ, डब ही रेषा ब च्या पलीकडे वाढविल्यावर तिला ग मध्ये छेदते. आता ड केंद्र धरून ग मधून जाणारे वर्तुळ काढावे. ते ड पासून अ च्या पलीकडे वाढविलेल्या रेषेस ल मध्ये छेदते. डल व डग समान आणि त्यांतील डअ व डब हे भागही समान. म्हणून उरलेले अल व बग समान. बग म्हणजेच बक. अशा रीतीने मिटणाऱ्या कंपासानेही न मिटणाऱ्या कंपासाचे काम होते, आणि आज आपण पाय उघडे ठेवून अंतर नेतो ते या विधानाच्या आधारावर, असे म्हणता येईल. गृहीते शक्य तितकी थोडी ठेवण्याचा ग्रीकांचा कटाक्ष यात स्पष्ट दिसतो.

लंबदुभाजक व त्यापासून मिळणाऱ्या रचना : रेषाखंड अब दुभागण्यासाठी अ व ब ही केंद्रे धरून, अब च्या निम्म्याहून मोठ्या अशा एकाच त्रिज्येने दोन्ही बाजूंस कंस काढतात. ते प व फ येथे छेदतात. पफ ही रेषा अब ला म मध्ये छेदते. म हा मध्यबिंदू असून पफ ही अब ला लंब असते. कारण असे : अप, बप, अफ व बफ ही चारही अंतरे समान आहेत. म्हणून अपफ व बपफ या त्रिकोणांच्या तिन्ही बाजू अनुक्रमे समान असून ते एकरूप आहेत आणि पफ ही प पाशी असलेला कोन दुभागते. त्यामुळे अपम व बपम हे त्रिकोणही एकरूप होतात. यावरून अम व बम समान येतात. तसेच म पाशी होणारे दोन कोन समान असून त्यांची बेरीज १८०° असल्याने प्रत्येक ९०° असतो. त्रिज्या निम्म्याहून मोठी का घ्यावयाची हेही उघड आहे. ती निम्मी असेल तर कंस केवळ एकमेकांस स्पर्श करतील, त्याहून लहान असेल तर भेटणारच नाहीत.

हीच रचना भारतात कागद व धातूचा कंपास यांच्या पुष्कळ आधी जमिनीवर दोरीने होत असे. यज्ञवेदींची मापे व आकार सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्वसूत्रे म्हणतात. शुल्व म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब, कात्यायन व मानव यांची शुल्वसूत्रे प्रसिद्ध असून त्यांत बौधायनांचे सर्वांत जुने मानतात. दिशा निश्चित करण्याची कात्यायनांनी दिलेली रीत अशी : सपाट जमिनीवर शंकू (खुंटी) रोवून त्याच्याएवढ्या लांबीच्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी व दुपारनंतर शंकूच्या सावलीचे टोक ज्या दोन ठिकाणी त्या वर्तुळावर पडेल तेथे खुंट्या रोवाव्यात. त्यांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. मग त्या खुंट्यांमधील अंतराच्या दुप्पट दोरी घेऊन तिच्या दोन्ही टोकांचे फास खुंट्यांत अडकवावे आणि दोरी मध्यावर धरून प्रथम दक्षिणेकडे व नंतर उत्तरेकडे ताणावी. मध्य जेथे येईल तेथे खुंट्या रोवाव्यात. या दोन खुंट्यांतून जाणारी रेषा दक्षिणोत्तर होय. दोरीचा मध्य दोन्ही खुंट्यांपासून समान अंतरावर राहतो, म्हणजे वर सांगितलेले प व फ बिंदूच दोरीने मिळतात. दिवसभरात सूर्याची क्रांती किंचित बदलत असल्यामुळे या रीतीत थोडी चूक राहते व तिची दुरुस्ती उत्तरकालीन भारतीय ज्योतिषांनी सांगितली; परंतु तो दोष सूर्याच्या गतीचा आहे, दोरीच्या भूमितीचा नाही. पुढे सिद्धांत ग्रंथांत दोन परस्परछेदी वर्तुळांमधील निमुळत्या आकृतीस मत्स्य असे नाव आले, व तिच्या मुखातून व पुच्छातून जाणारी रेषा म्हणजेच लंबदुभाजक.

शालेय पुस्तकांत स्वतंत्र वाटणाऱ्या आणखी तीन रचना वस्तुतः याच रचनेची रूपे आहेत. रेषेवरील बिंदूतून लंब उभारावयाचा असेल, तर त्या बिंदूच्या दोन्ही अंगांस सारख्या अंतरावर खुणा करून त्या खुणांमधील रेषाखंडाचा दुभाजक काढतात. बाहेरील बिंदूतून लंब टाकावयाचा असेल, तर त्या बिंदूवर सुई ठेवून रेषेस दोन ठिकाणी छेदणारा कंस काढतात व पुढे तेच करतात. कोन दुभागण्यासाठी शिरोबिंदूवरून दोन्ही भुजांवर समान अंतरे घेतात आणि त्या खुणांपासून सारख्या त्रिज्येचे कंस काढून त्यांचा छेदनबिंदू शिरोबिंदूस जोडतात. दिलेल्या कोनाएवढा कोन दुसरीकडे काढताना मात्र थोडी वेगळी युक्ती असते : दोन्ही ठिकाणी एकाच त्रिज्येचा कंस काढून मूळ कोनातील कंसाची जीवा कंपासाने उचलून नव्या कंसावर ठेवतात. त्याच युक्तीने एखाद्या रेषेस बाहेरील बिंदूतून समांतर रेषा मिळते.

अचूकपणा : सिद्धता निर्दोष असली, तरी पेन्सिलीच्या रेषेला जाडी असते, म्हणून कोणती त्रिज्या घ्यावी याला व्यवहारात महत्त्व येते. दोन रेषा किंवा कंस परस्परांस काटकोनात छेदत असतील, तर एक रेषा जेवढी सरकेल तेवढाच छेदनबिंदू सरकतो. छेदनाचा कोन ३०° असेल तर चूक दुप्पट आणि १०° असेल तर सुमारे पावणेसहापट होते. लंबदुभाजक काढताना त्रिज्या रेषाखंडाच्या सुमारे ०·७ पट घेतली म्हणजे कंस जवळजवळ काटकोनात छेदतात आणि प व फ यांच्यातील अंतरही मूळ रेषाखंडाएवढे होऊन पट्टी लावण्यास पुरेसे मिळते. १० सेंमी. रेषाखंडासाठी ७ सेंमी. त्रिज्या सोयीची ठरते ती यामुळे. ५·१ सेंमी. त्रिज्या घेतली तर रचना सिद्धतेप्रमाणे तितकीच बरोबर, पण कंस एकमेकांवर घासत जातात व छेदनबिंदू नेमका कोठे हे सांगता येत नाही.

त्रिकोण व वर्तुळ : तीन बाजू दिल्या असता त्रिकोण काढण्याची रचना सोपी आहे. एक बाजू पाया म्हणून काढून तिच्या टोकांपासून उरलेल्या बाजूंएवढ्या त्रिज्यांचे कंस काढावे. ३, ४ व ८ सेंमी. अशी मापे दिली, तर कंस भेटत नाहीत. कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असली पाहिजे हा नियम कंपास स्वतःच दाखवून देतो.

त्रिकोणाच्या दोन बाजूंचे लंबदुभाजक जेथे छेदतात तो बिंदू तिन्ही शिरोबिंदूंपासून समान अंतरावर असतो आणि तो केंद्र धरून परिवर्तुळ काढता येते. तिसरा दुभाजकही त्याच बिंदूतून जावयास हवा. म्हणून तो काढणे ही हाताच्या सफाईची उत्तम परीक्षा होय. या रचनेचा उपयोग त्रिकोणापुरता मर्यादित नाही. वर्तुळाचा एखादा तुकडाच हाती असेल, तर त्यावर कोठेही तीन बिंदू घेऊन दोन जीवांचे लंबदुभाजक काढल्यास मूळ वर्तुळाचे केंद्र मिळते. उत्खननात सापडलेल्या खापराच्या काठावरून मूळ भांड्याच्या तोंडाचा व्यास याच तत्त्वाने काढता येतो. तुकडा जितका लहान तितके दुभाजक लहान कोनात छेदतात व उत्तर अनिश्चित होते, हे वर सांगितलेल्या कारणावरून सहज कळेल.

सुसम बहुभुज : वर्तुळ काढून तीच त्रिज्या परिघावर क्रमाने टाकीत गेल्यास सहाव्या वेळी कंपास नेमका आरंभबिंदूवर येतो. हे जुळणे केवळ अंदाजाचे असावे, असा पुष्कळांचा समज असतो. कारण परिघ त्रिज्येच्या सहापट नसून सुमारे ६·२८ पट असतो हे त्यांना ठाऊक असते. परंतु कंपास कंसाची लांबी टाकीत नाही, जीवेची टाकतो. केंद्र व लगतच्या दोन खुणा यांचा त्रिकोण समभुज असल्यामुळे प्रत्येक जीवा केंद्रापाशी ६०° चा कोन करते आणि असे सहा कोन मिळून पूर्ण फेरा होतो. जुळणे तंतोतंत आहे. प्रत्यक्षात फरक पडल्यास दोष हाताचा : त्रिज्या घेताना ०·२ मिमी. चूक झाली, तर ती सहा वेळा साठत जाऊन अखेरीस १·४ मिलिमीटरच्या आसपास पोहोचते.

सुसम पंचभुजाची रचना अधिक सुंदर आहे. टॉलेमी (इ. स. दुसरे शतक) यांच्या ज्योतिषग्रंथात ती आढळते. म केंद्राच्या वर्तुळात मअ व मब या परस्परांस लंब त्रिज्या काढाव्यात. मब चा मध्यबिंदू न घेऊन, न केंद्र व नअ त्रिज्या असलेला कंस काढावा. तो बम ही रेषा म च्या पलीकडे जेथे छेदेल तो बिंदू स. आता अस ही वर्तुळातील सुसम पंचभुजाची बाजू आणि मस ही सुसम दशभुजाची बाजू होय. त्रिज्या १ मानली तर नअ ही लांबी ५ च्या वर्गमुळाच्या निम्मी येते, आणि त्यावरून अस सुमारे १·१७५६ येते; ३६° च्या ज्येची दुप्पटही तेवढीच आहे. पंचभुजातून ७२° चा कोन मिळतो. त्यातून ६०° वजा केले की १२°, व दुभाजनाने ६° आणि ३° हेही कोन मिळतात. पुढील विवेचनात या ३° चा पुन्हा संबंध येईल.

कंपासाच्या मर्यादा : एक रेषाखंड समान तीन भागांत विभागणे सोपे असताना कोन का विभागता येऊ नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. कोनासमोरील जीवेचे तीन समान भाग करून त्यांना शिरोबिंदूशी जोडणे हा सर्वांना सुचणारा मार्ग आहे, पण तो चुकीचा आहे. काटकोनावर तो वापरल्यास मिळणारे कोन ३०° चे नसून सुमारे २६° ३४′, ३६° ५२′ व २६° ३४′ असे येतात. कोनाचे त्रिभाजन, दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढणे व वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढणे हे तीन प्रश्न ग्रीक काळापासून दोन हजारांहून अधिक वर्षे गणितज्ञांपुढे होते. त्यांच्या तथाकथित उत्तरांचा ओघ एवढा वाढला की, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये ती यापुढे तपासावयाची नाहीत असा ठराव केला. हे प्रश्न अशक्य असल्याच्या सिद्धता त्यानंतर मिळाल्या, ही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

अशक्यतेचे कारण पुन्हा कंपासाच्या त्या एकाच गुणात सापडते. समान अंतराची अट बीजगणितात मांडली तर ती वर्गसमीकरण होते. सरळ रेषा एकघाती समीकरणाने दर्शविली जाते. म्हणून रचनेच्या प्रत्येक पायरीला फार तर एक नवे वर्गमूळ निर्माण होते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार व वर्गमूळ या क्रिया कितीही वेळा केल्या, तरी त्यांतून सामान्यतः घनमूळ मिळत नाही. ६०° चे त्रिभाजन करणे म्हणजे २०° ची कोज्या काढणे. ही कोज्या क्ष मानल्यास ८क्ष³ − ६क्ष − १ = ० हे समीकरण येते. परिमेय संख्यांत त्याचे अवयव पडत नाहीत व त्याची मुळे केवळ वर्गमुळांच्या साहाय्याने मांडता येत नाहीत. घनाच्या द्विगुणनात २ चे घनमूळ लागते, तेथेही तीच अडचण. फ्रेंच गणितज्ञ प्येर व्हाँत्झेल यांनी १८३७ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हे दोन्ही प्रश्न अशक्य असल्याचे सिद्ध केले; त्यांच्या या कामाकडे बराच काळ कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. वर्तुळाचा चौरस अशक्य असल्याचे १८८२ मध्ये जर्मन गणितज्ञ फेर्डिनांट लिंडेमान यांनी दाखविले. परिमेय सहगुणक असलेल्या कोणत्याही बैजिक समीकरणाचे π हे मूळ असू शकत नाही, म्हणजेच π ही बीजातीत संख्या आहे, असे त्यांनी सिद्ध केले. अशक्य याचा अर्थ अद्याप कोणास जमले नाही असा नाही. कोणासही केव्हाही जमणार नाही असा आहे. अर्थात ही अशक्यता साधनांशी बांधलेली आहे. पट्टीवर दोन खुणा करण्याची मुभा दिली, तर आर्किमिडीज यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रीतीने कोणताही कोन त्रिभागता येतो. तसेच काही विशिष्ट कोन, उदा., ९०° चा, कंपासाने त्रिभागता येतात. पूर्ण अंशांत सांगितलेल्या कोनांपैकी ३ ने भाग जाणारे तेवढेच कोन कंपास व पट्टीने काढता येतात. कोनमापकावरील १° ची साधी खूणही या साधनांनी तंतोतंत मिळत नाही.

सुसम बहुभुजांचा प्रश्न कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १७९६ मध्ये, एकोणिसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, अनपेक्षित रीतीने पुढे नेला. सतरा बाजूंचा सुसम बहुभुज कंपास व पट्टीने काढता येतो असे त्यांनी दाखविले. यूक्लिड यांच्यानंतर या विषयात एवढी भर प्रथमच पडली. बाजूंची संख्या ३, ५, १७, २५७, ६५,५३७ यांसारख्या विशिष्ट स्वरूपाच्या (२ च्या एखाद्या घातात १ मिळवून येणाऱ्या) निरनिराळ्या अविभाज्य संख्यांचा व २ च्या घाताचा गुणाकार असेल तेव्हाच रचना शक्य असते. सात, नऊ, अकरा व तेरा बाजूंचे सुसम बहुभुज या नियमात बसत नाहीत.

तंतोतंत रचना अशक्य असली, तरी गरजेपुरती रचना शक्य असते आणि व्यवहार तिच्यावर चालतो. चौरसाएवढ्या क्षेत्रफळाचे वर्तुळ काढण्यासाठी बौधायनांनी दिलेली रीत अशी : चौरसाचा अर्धा कर्ण अर्ध्या बाजूपेक्षा जेवढा जास्त असेल त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवावा व त्या त्रिज्येने वर्तुळ काढावे. येणारे क्षेत्रफळ चौरसाहून सुमारे १·७ टक्का अधिक असते. वेदीच्या विटा रचताना तेवढा फरक जाणवणारा नाही. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात वर्तुळाच्या चौरसाची, π ऐवजी ३५५/११३ घेणारी रचना दिली. १,४०,००० चौरस मैल क्षेत्रफळाचे वर्तुळ घेतले, तर या रचनेने येणाऱ्या चौरसाची बाजू खऱ्या बाजूपेक्षा सुमारे एक इंच मोठी येते. लिंडेमान यांच्या निर्णयाला यामुळे कोणतीही बाधा येत नाही.

साधने कमी करून पाहणे : साधने आणखी कमी केली तर काय उरते, याचाही गणितज्ञांनी विचार केला आहे. अबुल वफा (९४०–९९८) यांनी कारागिरांसाठी लिहिलेल्या ग्रंथात पायांमधील अंतर न बदलणाऱ्या, जणू गंजून घट्ट झालेल्या, कंपासाने अनेक रचना केल्या आहेत. इटालियन गणितज्ञ लोरेन्त्सो मास्केरोनी यांनी १७९७ मध्ये असे दाखविले की, पट्टी पूर्णपणे टाकून दिली तरी कंपास व पट्टीने मिळणारा प्रत्येक बिंदू केवळ कंपासाने मिळतो. रेषा आखता येणार नाही हे उघडच आहे. पण तिचे निर्णायक बिंदू मिळतात. उदा., अब ही लांबी दुप्पट करावयाची असेल, तर ब केंद्र धरून अ मधून जाणाऱ्या वर्तुळावर अ पासून तीच त्रिज्या तीनदा टाकली की अ च्या नेमका समोरचा बिंदू हाती येतो. मास्केरोनी यांना या विषयाकडे वळविणारे कारण व्यावहारिक होते. वेधयंत्रांवर अंशांच्या खुणा करताना पट्टीपेक्षा कंपास अधिक विश्वसनीय ठरतो असे त्यांना वाटत होते. हाच सिद्धांत जॉर्ज मोर या डॅनिश गणितज्ञांनी १६७२ मध्येच प्रसिद्ध केला होता, परंतु त्यांचे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९२८ मध्ये पुन्हा उजेडात आले. उलट बाजूने पाहता, केंद्रासह काढलेले एकच वर्तुळ कागदावर असेल तर पुढील सर्व काम एकट्या पट्टीने होते, असे याकोप श्टायनर यांनी १८३३ मध्ये सिद्ध केले.

आता बहुतेक तांत्रिक आलेखन संगणकावर होते. तरी धातूच्या पत्र्यावर किंवा लाकडावर आखणी करणाऱ्या कारागिराच्या हाती दोन्ही टोके अणकुचीदार असलेला पोलादी कंपास असतो. पत्र्यावर टोक घसरू नये म्हणून तो प्रथम केंद्रावर पंचाने बारीक खड्डा करतो. गोल चकतीवर सहा भोके सारख्या अंतरावर पाडावयाची असल्यास तीच त्रिज्या सहा वेळा टाकून तो मोकळा होतो. सात भोकांसाठी एक फार जुनी रीत उपयोगी पडते : त्याच वर्तुळात बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू घेऊन ती सात वेळा टाकावयाची. ही लांबी त्रिज्येच्या ०·८६६० पट असते, तर सुसम सप्तभुजाची बाजू ०·८६७८ पट हवी. १० सेंमी. त्रिज्येच्या चकतीवर सात फेकींनंतर शेवटची खूण आरंभबिंदूच्या सुमारे १·३५ मिमी. अलीकडे राहते. ती तेवढी अलीकडे पडली की कारागीर कंपास किंचित उघडून फेरा पुन्हा घेतो.